तासाभराचं कुलूप

भर दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या गजाला साखळीने जखडलेल्या अवस्थेत एखादा निवृत्त बँक अधिकारी सापडला, तर लोक काय काय बोलतात हे आता मला कुणी सांगायला नको. जिन्यात माझ्यासमोर बोलणं थांबतं आणि मी वळलो की पुन्हा सुरू होतं. तेव्हा खरं काय ते एकदाचं सांगून टाकतो. मला कुणी बांधलं नव्हतं. मीच मला बांधून घेतलं होतं. पूर्ण शुद्धीत, चांगल्या हेतूने आणि चार दुकानं फिरून आणलेल्या अस्सल पितळी कुलपाने.

सुरुवात झाली ती एका हातमोज्यापासून.

हिला अर्धांगाचा झटका येऊन गेला त्यानंतर पाय लवकर ताळ्यावर आला. जीभ तर एक दिवसही गेली नव्हती. दवाखान्यात डोळे उघडल्या उघडल्या तिने मला शर्टाची बटणं चुकीची लावल्याबद्दल बोलून घेतलं होतं. पण उजवा हात मात्र रुसला. दिसायला धडधाकट, पण काही सांगायला जावं तर ऐकूच येत नसल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. त्याची समजूत काढायला फिजिओबाई येत. आमच्या मुलीच्या वयाच्या, बोलायला गोड, आणि कामात अशा खमक्या की बँकेत असत्या तर मी त्यांच्या हाताखाली आनंदाने नोकरी केली असती.

एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक जाडजूड हातमोजा काढला आणि हिच्या डाव्या, म्हणजे चांगल्या हातावर चढवून पट्ट्याने आवळला.

"काकू, रोज दुपारी एक तास हा मोजा घालायचा. काय करायचं ते उजव्याने. बटणं लावा, वाटाणे निवडा, पाणी ओता, चहा करा. डावा सगळं करतोय म्हणून उजवा आळशी झालाय."

"आणि तासभर मी काय करू?" मी विचारलं.

"काही नाही. समोर बसायचं. पडल्या-झडल्या तर धरायचं. बाकी हात लावायचा नाही." मग त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "काका, रागावू नका. पण काकूंना दोन डावे हात आहेत. एक त्यांचा आणि एक तुम्ही."

"मग ह्यांच्या मापाचा नाही का एखादा मोजा?" ही म्हणाली. "डोक्यापासून पायापर्यंत बसेल असा?"

दोघी हसल्या. मीही हसलो, कारण अशा वेळी हसलं नाही तर माणूस चिडका ठरतो. पण जाताना बाईंनी दारात चपला घालता घालता हलक्या आवाजात सांगितलं, "महिनाअखेरीला मी पुन्हा हात तपासणार आहे. सुरुवातीच्या ह्या दिवसांत जेवढा परत येईल तेवढा खरा. पुढे फार अवघड जातं, काका." हे सांगताना त्या हसत नव्हत्या.

आता माझा स्वभाव. काही माणसं हातावर हात धरून बसू शकतात. अशी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली, आणि त्यांना बढत्या मिळतानाही पाहिलं. मला ते जमत नाही. ही वाटाण्याच्या दाण्याकडे हात न्यायची, बोटं त्याच्या आसपास चाचपडायची, दाणा घरंगळायचा, आणि मला कळायच्या आत तो दाणा माझ्या चिमटीतून वाटीत गेलेला असायचा. बटण अर्धं काजात जाऊन अडलं की माझा हात पुढे. मी हातांवर बसून पाहिलं, मुंग्या आल्या. दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो; भांडं पडल्याचा आवाज आला आणि मी पंचविशीतल्यासारखा धावलो. वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, तर ही म्हणाली, "उलटं धरलंय."

त्यातून तो चहा. लग्न झाल्यापासून आमच्या घरी चहा हिच्या हातचा. आता मी करतो. कधी कडू, कधी पाणचट, आणि एकदा तर मीठ घातलेला. आणि ही रोज एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "छान झालाय." ज्या बाईने उभ्या जन्मात माझी एकही चूक पोटात घातली नाही, ती माझ्या चहाला छान म्हणते! त्या एका शब्दाने मला जितकी भीती वाटायची तितकी डॉक्टरांच्या सगळ्या रिपोर्टांनी वाटली नव्हती. ही माझं मन राखायला लागली होती. मला ती बोलणारी परत हवी होती.

तेव्हा मी ठरवलं. मोजा नसेल तर नसो, साखळी तर मिळते.

पहिल्या दिवशी मी माझ्या जड लाकडी खुर्चीला स्वतःला साखळीने बांधलं, कुलूप लावलं आणि चावी हिच्यापुढे टेबलावर ठेवली. "तास झाल्याशिवाय द्यायची नाही." थोड्याच वेळात हिच्या हातून वाटी उपडी झाली. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. पण माझा चेहरा बहुधा फारच केविलवाणा झाला असावा, कारण हिने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि कोपराने चावी माझ्याकडे सरकवली. "घ्या बाई, नाहीतर तुम्हालाच काहीतरी व्हायचं."

दुसऱ्या दिवशी चावी समोरच्या वहिनींकडे दिली. अत्यंत विश्वासू बाई. हिच्या आजारपणापासून आमच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते. त्या तासाभराने यायच्या होत्या, पण बाजारात त्यांना बहीण भेटली, आणि बहिणीला म्हणे पडदे घ्यायचे होते. त्या दुपारी एका जागी बसून मला पडदेवाल्यांबद्दल जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी निसर्गाने हाक मारली आणि मी खुर्चीसकट न्हाणीघराकडे निघालो, तो दाराच्या चौकटीत अडकलो. ना पुढे, ना मागे. ही खुर्चीच्या पाठीमागे उभी राहून एका हाताने मला ढकलत होती आणि हसू दाबत होती. वहिनी आल्या तेव्हा आम्ही दोघं त्याच अवस्थेत होतो. त्यांनी चावी पुढे केली आणि जमिनीकडे बघत विचारलं, "मी मग येऊ का?"

इथे मला बँक आठवली. आमच्या तिजोरीला वेळेचं कुलूप असायचं. ठरलेली वेळ झाल्याखेरीज ते मॅनेजरच्या बापालाही उघडत नसे. त्याला दया येत नाही, त्याला बाजारात बहीण भेटत नाही. म्हणजे चावी माणसाच्या हाती देण्यात अर्थ नव्हता. ती काळाच्या स्वाधीन करायला हवी होती.

हा विचार मी बोलून दाखवला ही माझी चूक. वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर राहतात. आयुष्यभर पाणीपुरवठ्यात होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे पाण्यातूनच निघतं. "बर्फ!" ते म्हणाले. "चावी पाण्यात टाकून गोठवायची. वितळायला जो वेळ लागेल तो तुमचा तास. सोपं आहे हो!" जे सोपं आहे असं इंजिनिअर म्हणतात, त्यात आजवर कुणाचं ना कुणाचं नुकसान झालेलं आहे, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. तरी मी ऐकलं. शिवाय चौकटीचा प्रकार पुन्हा नको म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघरातच, खिडकीशी बसवलं आणि साखळी गजातून ओवून घेतली.

पेलाभर बर्फ केला तर तो संध्याकाळ झाली तरी वितळेना. मी त्याच्यावर फुंकर घालत बसलो होतो. लहान तुकडा केला तर हिचं पहिलं बटण लागायच्या आत चावी माझ्या हातात, आणि पुढची सगळी बटणं मीच लावली. मग इंजिनिअरांनी सुधारणा सुचवली: बर्फ एका पायमोज्यात घालून माझ्या डोक्यावरच्या खुंटीला टांगायचा, म्हणजे हवा चहूबाजूंनी लागून तो हिशेबात वितळेल. हिशेबात वितळला, यात शंका नाही. पण वितळलेलं पाणी कुठे जाईल ह्याचा विचार पाणीपुरवठ्यात आयुष्य काढलेल्या माणसाने केला नव्हता. ते थेंबाथेंबाने माझ्या मांडीवर पडलं. तेवढ्यात समोरच्या वहिनी विचारपूस करायला आल्या, त्यांनी माझ्या विजारीकडे पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहू लागल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान आले. मला गॅलरीत नेऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वय झालं की व्हायचंच. माझ्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत."

ही त्या रात्री अंथरुणात हसत होती. पाठ करून झोपली होती, पण खाट हलत होती. मी म्हटलं, "हस. हस तू." आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

शेवटी उपाय सापडला तो घरातच. आमचं धुलाईयंत्र. कपडे घालून एकदा सुरू केलं की धुणं, खळबळणं, पिळणं सगळं आटोपेपर्यंत त्याचं दार उघडत नाही, आणि ह्याला बरोबर तासभर लागतो. चावी माझ्या जुन्या शर्टाच्या खिशात घालून खिशाचं बटण लावायचं, शर्ट यंत्रात टाकायचा, यंत्र सुरू करायचं. यंत्र माझ्या खुर्चीच्या हाताशीच. तास झाला की दार उघडून शर्ट काढायचा. कुणाची दया नाही, कुणाची बहीण नाही, वर कपडे धुऊन मिळतात. मला स्वतःबद्दल इतका आदर पुष्कळ दिवसांत वाटला नव्हता.

पण मी बँकेतला माणूस. एकाच चावीवर विसंबायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. बँकेत प्रत्येक तिजोरीची दुसरी चावी असते आणि ती त्या शाखेत कधीच ठेवत नाहीत. लाखेने मोहोर केलेल्या पाकिटात ती दुसऱ्या शाखेत ठेवतात, आणि जबाबदार अशा दोघांच्या सहीने लेखी मागणी आल्याशिवाय ते पाकीट हलत नाही. त्याप्रमाणे मी कुलपाची दुसरी चावी पाकिटात घातली, लाख वितळवून मोहोर केली (लाखेऐवजी मेणबत्ती वापरा, असं ही म्हणाली, पण नियम तो नियम) आणि ते पाकीट दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या अक्काकडे नेऊन दिलं.

अक्का माझी थोरली बहीण. निवृत्त मुख्याध्यापिका. तिने सगळा प्रकार शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "नियम काय?"

"मी आणि ही, दोघांच्या सहीने लेखी मागणी आली तरच द्यायचं. मी फोन केला तरी द्यायचं नाही. फोनवर रडलो तरी द्यायचं नाही. मी फार दुबळा माणूस आहे, अक्का."

"ते मला तुझ्या जन्मापासून माहीत आहे," अक्का म्हणाली आणि पाकीट कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

यंत्राची योजना पहिले काही दिवस दृष्ट लागण्यासारखी चालली. मी बसायचो, यंत्र घरघरायचं, ही समोर धडपडायची. आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं की ती कशी धडपडते. दाणा निसटला की मी इतके दिवस हात पुढे करायचो, त्यामुळे पुढे काय होतं ते मला कधी दिसलंच नव्हतं. पुढे असं व्हायचं की ही दाण्याकडे रागाने बघायची, ओठ आवळायची, आणि बोटं पुन्हा जायची. दहादा जायची. मग कधीतरी दाणा वाटीत टप्पकन पडायचा आणि ही कुणाकडेही न बघता मान ताठ करायची. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्यावाचून राहवायचंही नाही. डोळे भरून आले की मी यंत्राच्या काचेत गरगर फिरणाऱ्या माझ्याच शर्टाकडे बघायचो.

एकच गोष्ट जमेना. अंगठा आणि तर्जनीची कड ह्यांच्यात एखादी पातळ वस्तू धरून फिरवायची. फिजिओबाई म्हणाल्या, ही पकड सगळ्यात शेवटी येते. "आम्ही तिला चावीची पकड म्हणतो, काका. ती आली की मी निश्चिंत." महिनाअखेर दोन दिवसांवर आली होती आणि ती पकड काही आली नव्हती.

त्या दुपारी मी नेहमीसारखा बसलो. हिने चहाचं आधण ठेवायला पातेलं घेतलं. यंत्रात शर्ट फेसात बुडाला. आणि वीज गेली.

पंखा थांबला. यंत्र थांबलं. पोटात पाणी, पाण्यात शर्ट, शर्टात चावी, आणि दार घट्ट बंद. मी दार ओढून पाहिलं. दोन थपडा मारल्या. विनंती केली. वेळेच्या कुलपाला दया येत नाही, हा त्याचा गुण असं मीच म्हणालो होतो.

"मोजा काढ आता," मी हिला म्हणालो. "असाही गोंधळ झालाच आहे."

"यंत्र संपलं की तास संपतो, असं ठरलंय ना?" ही म्हणाली. "यंत्र कुठे संपलंय? तुम्ही बसा."

मी खिशातला फोन काढून अक्काला लावला.

"अक्का, ते पाकीट घेऊन ये."

"लेखी दे."

"अगं, मी बांधलेला आहे! वीज गेलीये!"

"रडतोयस का?"

"नाही!"

"रडलो तरी देऊ नकोस, म्हणाला होतास. आता तर रडतही नाहीयेस." आणि फोन ठेवून दिला.

फोनवरचं माझं ओरडणं जिन्यात ऐकू गेलं असावं. समोरच्या वहिनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आल्या, त्यांच्यामागून इंजिनिअर. साखळी बघून इंजिनिअरांचे डोळे चमकले. वर जाऊन करवत घेऊन आले. "सोपं आहे." पहिल्याच घासण्यात पातं मोडलं. साखळी चांगल्या पोलादाची घेतली होती. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटावा की राग यावा ते कळेना. मग ते यंत्राकडे वळले. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी खालची नळी ओढली, बादलीत थोडं आणि जमिनीवर बरंच पाणी आलं, दार तसंच बंद राहिलं आणि यंत्राचं बटण मात्र त्यांच्या हातात आलं. वहिनी फरशी पुसायला बसल्या. मी इंजिनिअरांकडून कागद घेऊन मागणीपत्र लिहिलं, घाईत एकट्याचीच सही केली आणि त्यांना अक्काकडे पिटाळलं.

ते कागद घेऊन परत आले ते अक्कालाच बरोबर घेऊन. अक्का चौकटीत उभी राहिली. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात माझा कागद.

"ह्यावर एकच सही आहे," ती म्हणाली. "म्हणजे मागणी अर्धीच झाली. म्हणून मी समक्ष विचारायला आले." ती हिच्याकडे वळली. "काय गं, तुझी संमती आहे का ह्याला सोडवायला?"

हिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विचार करते," ती म्हणाली.

आणि मग ही हसली. पाठ फिरवून नव्हे, हसू दाबून नव्हे. आजारपणानंतर पहिल्यांदाच पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अक्काही हसली. मुख्याध्यापिका हसताना मी फार कमी पाहिल्या आहेत. मी एकटा माझी प्रतिष्ठा सांभाळत बसलो, कारण तेवढीच एक गोष्ट त्या खोलीत माझ्या हाती उरली होती.

अक्काने मोहोर फोडली. चावी टेबलावर पडली. आणि त्याच क्षणी वहिनी फडकं टाकून उठल्या, इंजिनिअर पुढे झाले, अक्काने हात घातला. तिघांचे तिघे. सगळ्यांना माझी कणव, सगळ्यांना घाई. मी ते तीन हात पाहिले आणि मला आरशात बघितल्यासारखं झालं.

"थांबा," ही म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही. मी उघडणार."

"अगं, मोजा..." अक्का म्हणाली.

"मोजा असू दे. उजव्याने."

मग मी, ज्याला उभ्या आयुष्यात बसायला जमलं नाही त्या मी, असा आवाज काढला की तसा बँकेतही कधी काढला नव्हता. "बसा! सगळ्यांनी बसा!" इंजिनिअर बादली उपडी करून तिच्यावर बसले. अक्का आणि वहिनी स्टुलावर, अर्ध्या-अर्ध्या.

हिने चावी टेबलावरून ओढत कडेपर्यंत आणली, कडेबाहेर जरा काढली आणि अंगठ्याने दाबून धरली. आली हातात. ती माझ्यापाशी आली, वाकली, कुलूप माझ्या पोटाशी होतं त्याच्याकडे चावी नेली आणि चावी निसटून माझ्या मांडीवर पडली.

माझे दोन्ही हात मोकळे होते. हे मला सांगायचं आहे. साखळी कमरेला होती, हातांना नव्हती. चावी माझ्या मांडीवर, कुलूप माझ्या पोटावर. एक निमिष लागलं असतं. मी दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि बोटं बोटांत गुंतवून घट्ट धरली. एवढी घट्ट मी कुठलीच साखळी बांधली नव्हती.

हिने चावी उचलली. पुन्हा पडली. पुन्हा उचलली. इंजिनिअरांचा हात आपोआप उठला, तो अक्काने मनगटाला धरून खाली बसवला. वहिनी पदर तोंडात धरून बसल्या होत्या. हिच्या कपाळावर घाम आला होता, एक बट डोळ्यांवर आली होती, आणि ती मागे सारायलाही मी हात काढला नाही. तिसऱ्यांदा की पाचव्यांदा कोण जाणे, चावी भोकात गेली. आता फिरवायची. हिने ओठ आवळले. अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबला, पांढरा होईपर्यंत. मनगट थरथरलं. चावी जरा फिरली, अडली. हिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला ठाऊक आहे. ती मला विचारत होती, मदत करता का म्हणून. मी मान हलवली. नाही.

"दुष्ट," ती म्हणाली, आणि तिने जोर लावला.

खट्ट.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अक्काने चष्मा काढून पुसला. इंजिनिअर म्हणाले, "सोपं..." आणि वाक्य पूर्ण करण्याचं त्यांना धैर्य झालं नाही. मी साखळी काढली आणि हिला मिठीत घ्यावं की खुर्चीत बसवावं ह्या विचारात उठलो.

"बसा," ही म्हणाली. "चहा व्हायचाय अजून."

मी बसलो. साखळी जमिनीवर पडलेली, कुलूप उघडं, आणि मी बसलो. हिने उजव्या हाताने गॅसची कळ फिरवली. अंगठा आणि तर्जनीची कड, तीच पकड. साखर थोडी ओट्यावर, बरीचशी पातेल्यात. वीज आली, पंखा फिरू लागला, आणि बटणावाचूनही ते यंत्र जिथे थांबलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं. त्याच्या पोटात माझ्या शर्टाच्या खिशातली चावी खडखडत होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

चहा हिने स्वतः ओतला. पाच कप. माझा निम्मा बशीतच आला. तिने तिच्या कपातला एक घोट घेतला, डोळे मिटले आणि उघडले.

"अहो, एक सांगू का?" ती म्हणाली. "तुमचा चहा इतके दिवस अगदी भिकार होत होता."

मी बशी तोंडाला लावली. नाक वाहत होतं ते चहाच्या वाफेमुळे, असं मी अक्काला सांगितलं.